सहा हजार सह्यांचा मुखत्यार

(जोगेश्वरी पूर्व येथील एका व्याख्यानमालेत सार्वजनिक काकांच्या जीवनकार्यावर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)



इसवी सन १९०२. दार्जिलिंगच्या थंड पहाडावर एक चिनी गृहस्थ आपल्या कन्येसह राहत होता. वय चव्वेचाळीस. मायदेशात त्याच्या मस्तकावर इनाम लागलेले. कलकत्ता, आग्रा, दिल्ली अशी हिंदुस्थानची यात्रा करून तो तेथे विसावला होता आणि आपल्या शिष्यांना एक दीर्घ पत्र लिहीत होता. शिष्य तरुण होते. चीनमधील मांचू राजवट उलथून टाकावी, प्रांताप्रांतांनी स्वतंत्र व्हावे, असे त्यांना वाटू लागले होते. गुरूने त्यांना हिंदुस्थानचे उदाहरण दिले. हा देश परक्यांच्या हाती का गेला? दिल्लीची सत्ता दुबळी होताच प्रांतोप्रांतीचे सत्ताधीश स्वतंत्र झाले आणि इंग्रजांनी त्यांना एकेक करून गिळले. तेव्हा तुम्ही त्या वाटेने जाऊ नका, असा त्या पत्राचा मथितार्थ होता.

या गृहस्थाचे नाव कांग यूवेई. चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातील सर्वांत गाजलेला राजकीय सुधारक.

त्याचे निदान येथे बसलेल्या श्रोत्यांना पटणार नाही आणि पटण्याचे कारणही नाही. दिल्लीच्या बादशाहीलाच त्याने हिंदुस्थानचा कणा मानले. त्या हिशेबात मराठ्यांचे राज्य म्हणजे फुटून निघालेला आणखी एक प्रांत ठरतो. ज्या भूमीवर आज आपण जमलो आहोत ती साष्टी १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांच्या हातून सोडवली. ती कोणा बादशहाच्या दरबारातून मागून आणलेली नव्हती. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्याकडे गेली. म्हणजे पुण्यावर इंग्रजी निशाण चढण्याच्या सुमारे त्रेचाळीस वर्षे आधीच जोगेश्वरीचा हा परिसर इंग्रजी अमलाखाली आला होता. परंतु कांगशी वाद घालणे हा आजचा विषय नव्हे. आजचा विषय त्याच्यासारखेच काम त्याच्या पंचवीस वर्षे आधी पुण्यात करणाऱ्या एका मराठी माणसाचा आहे. कांगची हकिगत थोडक्यात सांगितली म्हणजे त्या माणसाचे वेगळेपण नीट ध्यानात येईल.

कांगचा जन्म १८५८ चा, दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांताचा. घराणे विद्वानांचे. आपल्या प्राचीन धर्मग्रंथांचा आधार घेऊनच राज्यव्यवस्था सुधारता येईल, असा त्याचा सिद्धान्त होता. १८८८ साली त्याने बादशहाला पहिला अर्ज लिहिला. तो बादशहापर्यंत पोहोचलाच नाही. १८९५ मध्ये जपानने चीनचा पराभव केला आणि शिमोनोसेकीच्या तहाने तैवान बेट घेतले. त्या वेळी राजधानीत सरकारी परीक्षेसाठी जमलेल्या बाराशेहून अधिक उमेदवारांच्या सह्यांचा अर्ज कांगने सिद्ध केला, असे सांगितले जाते. हा अर्ज सरकारदप्तरी दाखल झाला होता की नाही, याविषयी आज इतिहासकारांत मतभेद आहेत. ते काही असो. १८९८ च्या जूनमध्ये तरुण बादशहा ग्वांगशू याने कांगला एकदाच भेट दिली आणि मग हुकूमनाम्यांचा पाऊस सुरू झाला. जुन्या घोकंपट्टीच्या परीक्षा बंद, नव्या शाळा सुरू, जादा कचेऱ्या रद्द, राजधानीत विद्यापीठ. हे सारे एकशे तीन दिवस चालले. २१ सप्टेंबरला राजमाता त्सिशीने बादशहाला राजवाड्याच्या तळ्यातील एका बेटावर नजरकैदेत टाकले आणि राज्य हाती घेतले. आठवडाभरात सहा सुधारकांचा भर रस्त्यावर शिरच्छेद झाला. त्यांत कांगचा धाकटा भाऊ होता. तान सितोंग नावाचा एक तेजस्वी तरुणही होता. पळून जाण्याची संधी असताना तो थांबला. चीनमध्ये आजवर सुधारणेसाठी कोणी रक्त सांडलेले नाही, तर आपल्यापासून आरंभ होऊ दे, अशी त्याची भावना होती. कांग इंग्रजी जहाजातून निसटला आणि देशोदेशी हिंडत राहिला. हुकूमनामे रद्द झाले. विद्यापीठ तेवढे तगले.

हे असे का झाले? कांगच्या विद्वत्तेत किंवा देशप्रेमात उणे नव्हते. पण त्याचा सारा भरवसा एका सिंहासनावर होता. सिंहासनावरचा माणूस कोंडला गेला आणि सुधारणाही त्याच्याबरोबर कोंडली गेली. कांग कोणाच्या वतीने बोलत होता, या प्रश्नाला त्याच्याजवळ एकच उत्तर होते : बादशहाच्या वतीने.

आता पुण्याला जाऊ. जोगेश्वरी म्हटले की मुंबईकराला हे उपनगर आणि येथील प्राचीन शैव लेणे आठवते. पुणेकराला मात्र बुधवार पेठेजवळची ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी आठवते. त्या जोगेश्वरीच्या पुण्यात १८४८ साली साताऱ्याहून एक वीस वर्षांचा तरुण नोकरीसाठी आला. गणेश वासुदेव जोशी त्याचे नाव. जन्म ९ एप्रिल १८२८. आज हे नाव घेतले तर पुण्यातही पुष्कळांना उलगडा होत नाही. ‘सार्वजनिक काका’ म्हटले तर काहीजण गणेशोत्सवाशी संबंध जोडतात! अभ्यासकांचाही घोटाळा होतो, तो वेगळा. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात अर्थशास्त्रावर जाडे लेख लिहिणारे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे दुसरे गृहस्थ. दोघांची आद्याक्षरे एकच, म्हणून एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खाती पडते.

काकांचे बालपण ज्या सातारा गावाशी जोडलेले आहे, त्या गावाने अर्जविनंत्यांचे फळ फार जवळून पाहिले होते. १८३९ च्या सप्टेंबरात छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी पदच्युत करून काशीला धाडले. तेव्हा गणेश अकरा वर्षांचा होता. महाराजांची दाद लावण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेथे चौदा वर्षे राहिले. अर्ज, भाषणे, पुस्तिका, पार्लमेंटच्या सभासदांच्या भेटी, काही करायचे त्यांनी बाकी ठेवले नाही. रिकाम्या हातांनी ते परतले. इकडे १८४९ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले होते. १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः नाहीसे झाले, ते कोणाला पुन्हा दिसले नाहीत.

एका निष्ठावंत माणसाने धन्याच्या वतीने विलायतेत चौदा वर्षे दारे ठोठावली आणि एकही दार उघडले नाही. सातारच्या कोणाही तरुणाने यातून दोन निष्कर्ष काढले असते : अर्ज करणे व्यर्थ आहे, किंवा एकट्याच्या अर्जाला किंमत नाही. काकांच्या पुढील आयुष्याकडे पाहता त्यांनी दुसरा निष्कर्ष काढला असावा, असे दिसते.

पुण्यात त्यांनी आधी कोर्टात नोकरी केली. ती सुटल्यावर कायद्याचा अभ्यास करून ते वकील झाले. व्यवसाय चांगला चालला. पण माणूस मुलखाचा उपद्व्यापी! कोणाचीही अडचण म्हणजे यांची अडचण. अशा माणसाच्या हाती पर्वतीचे प्रकरण आले.

पर्वतीचे देवदेवेश्वर संस्थान नानासाहेब पेशव्यांच्या काळातले. पेशवाई गेल्यावरही देवस्थानची नेमणूक चालू राहिली आणि कारभार पंचांकडे होता. त्या कारभाराविषयी गावात तक्रारी होत्या. देवाचा पैसा नीट खर्च होत नाही, हिशेब दाखवले जात नाहीत, अशी कुरबुर घरोघरी चाले. देवस्थान कोणतेही असो आणि शतक कोणतेही असो, हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. लोकांनी सरकारकडे दाद मागायचे ठरवले, तेव्हा मुळाशीच प्रश्न उभा राहिला. तक्रार करणारे हे चार-दहा लोक कोण? यांना पुण्याच्या वतीने बोलायचा अधिकार कोणी दिला?

काकांतल्या वकिलाने या प्रश्नाला दिलेले उत्तर आधुनिक हिंदुस्थानच्या राजकारणात नवीन होते. कोर्टात अशिलाच्या वतीने उभे राहायचे तर वकीलपत्र लागते. मग लोकांच्या वतीने उभे राहायचे तर लोकांचे मुखत्यारपत्र का नको? नियम असा ठरला की किमान पन्नास प्रौढ माणसांनी सही करून ज्याला मुखत्यारनामा दिला असेल, तोच सभासद. असे पंचाण्णव प्रतिनिधी उभे राहिले आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. २ एप्रिल १८७० रोजी ‘पुणे सार्वजनिक सभा’ स्थापन झाली. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. चिटणिसी काकांकडे आली.

आज हे ऐकताना त्यात विशेष वाटत नाही. आपण दर पाच वर्षांनी बोटाला शाई लावून घेतो. पण १८७० मध्ये या देशात कोणत्याही कायदेमंडळासाठी मतदान नव्हते. मुंबईत १८५२ साली जगन्नाथ शंकरशेट आदींनी ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन करून पार्लमेंटकडे अर्ज पाठवला होता, तेही मोठेच काम होते. परंतु तेथील सभासद वर्गणी भरून होत. पुण्यात सभासद होण्यासाठी पन्नास घरांचे उंबरे झिजवावे लागत. वाड्यावाड्यांत जाऊन, ओसरीवर बसून, पर्वतीचा हिशेब समजावून सांगून सही मिळवायची. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला गणपूर्ती होता होत नाही, म्हणून अर्धा तास थांबून त्याच जागी सभा भरवावी लागते, हा अनुभव येथील बहुतेकांना असेल. त्यांना सहा हजार सह्यांची किंमत अधिक सांगायला नको.

या सह्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. सभेत सरदार, इनामदार, वकील, सावकार, पेन्शनर यांचा भरणा होता. प्रतिनिधी बहुतेक उच्चवर्णीय होते. जोतीराव फुले पुण्यातच होते. जी सभा स्वतःला ‘सार्वजनिक’ म्हणवते तिच्यात शेतकरी, माळी, महार, मांग कोठे आहेत, हा त्यांचा आक्षेप होता. तो झोंबणारा होता आणि खराही होता. काकांच्या थोरवीला कमीपणा येईल म्हणून तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. काकांनी उघडलेले दार अरुंद होते. मात्र त्यावर ‘ज्याला लोकांनी पाठवले तोच आत’ अशी पाटी होती, आणि ती पाटी एकदा लागली म्हणजे दार रुंद करा, असे म्हणण्याचा हक्क उरलेल्यांना आपोआप मिळतो.

१८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि सभेला तिचा मेंदू मिळाला. रानडे सरकारी नोकर. त्यांचे नाव पुढे येणे शक्य नव्हते. लेखणी त्यांची आणि पाय काकांचे, अशी ही जोडी होती. अभ्यास करून मसुदा रानड्यांनी लिहावा. माहिती गोळा करणे, सभा भरवणे, सह्या घेणे, पैसा उभा करणे आणि सरकारच्या रागाला पुढे होऊन तोंड देणे काकांनी करावे. महाराष्ट्राच्या सांपत्तिक स्थितीची पाहणी, जमीन महसुलाच्या चढ्या आकारणीविरुद्धचे अहवाल, हिंदुस्थानला ब्रिटिश पार्लमेंटात प्रतिनिधी मिळावेत म्हणून १८७५ साली केलेला अर्ज, कोर्टाची पायरी न चढता भांडणे मिटवणारे लवाद न्यायालय, १८७८ पासूनचे इंग्रजी त्रैमासिक अशी दहा वर्षांची कामगिरी आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सभेचे प्रतिनिधी जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. कोणत्या तालुक्यात पीक किती बुडाले, दुष्काळी कामावर मजुरी किती मिळते, लोक गाव सोडून कोठे जातात, याची वार्तापत्रे सभेने सरकारला धाडली. सर रिचर्ड टेंपल यांनी कामकऱ्यांचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यावर आणला, तेव्हा सभेने त्याला विरोध केला. सरकारचे आकडे आणि सभेचे आकडे शेजारी शेजारी ठेवता येऊ लागले. राज्यकर्त्याला ही गोष्ट फार अडचणीची असते.

या सर्वांहून काकांचे नाव लोकांच्या तोंडी झाले ते चरख्यामुळे. १८७२ साली त्यांनी स्वदेशी कापडच वापरण्याचा नेम केला आणि शेवटपर्यंत पाळला. स्वतः सूत काढायचे आणि त्याची वस्त्रे अंगावर घालायची. या वेळी मोहनदास गांधी तीन वर्षांचे होते आणि वंगभंगाच्या स्वदेशी चळवळीला तेहतीस वर्षे अवकाश होता. काकांनी ‘देशी व्यापारोत्तेजक मंडळ’ काढले. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असल्या साध्या वस्तू येथेच व्हाव्यात म्हणून खटपट केली, देशी मालाची दुकाने उघडवली. व्यापार म्हणून हे उद्योग फार फळले नाहीत. मँचेस्टरच्या यंत्रापुढे पुण्याच्या चरख्याचा टिकाव लागणे शक्य नव्हते आणि एक हुशार वकील जाडेभरडे कापड नेसून कोर्टात उभा राहतो, याचे हसेही झाले असणार. घरातून मात्र त्यांना साथ होती. पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्रियांसाठी ‘स्त्रीविचारवती सभा’ चालवली. तेथील हळदीकुंकवाला निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांना बोलावणे असे. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती.

आता १ जानेवारी १८७७ चा दिवस. दिल्लीत लॉर्ड लिटनने दरबार भरवला होता. राणी व्हिक्टोरिया ‘कैसर-ए-हिंद’ झाल्याची घोषणा व्हायची होती. दक्षिणेत माणसे अन्नान्न करून मरत होती आणि दिल्लीत तंबूंचे शहर उभे होते. हत्ती, तोफांची सलामी, राजेरजवाड्यांच्या अंगावरचे जवाहीर. त्या झगमगाटात पुण्याचा एक गृहस्थ हातसुताच्या पांढऱ्या खादीचा पोशाख करून हजर झाला. तो संस्थानिक नव्हता, सरदार नव्हता, त्याला तोफांची सलामी नव्हती. सार्वजनिक सभेचे मानपत्र घेऊन तो आला होता. भाषा अत्यंत अदबीची होती. पण तिच्या आत मागणी होती : महाराणीच्या ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे तोच हिंदी प्रजेलाही मिळावा.

ती भाषा आज वाचताना काहींना अवघडल्यासारखे वाटेल. ‘महाराणीने कृपावंत होऊन’ ही काय स्वराज्याची भाषा झाली? खरे आहे. पण मागणी पाहावी. जिंकणारा आणि जिंकलेला यांचा दर्जा एकच असावा, असे ज्या दिवशी कबूल होईल त्या दिवशी साम्राज्य उरतच नाही. कांग यूवेईने आपल्या बादशहाकडे शहाणा कारभार मागितला. काकांनी परक्या राणीकडे बरोबरी मागितली. दरबाराला वार्ताहर म्हणून बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जीही आले होते. राजेमहाराजे एका मांडवाखाली आणता येतात तर देशभरचे लोकप्रतिनिधी का आणता येऊ नयेत, हा विचार त्या दरबारात अनेकांच्या मनात आला.

मानपत्राचा परिणाम शून्य झाला. पुढल्याच वर्षी लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला.

अशा वेळी तरुणांनी काय करावे? पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात वासुदेव बळवंत फडके नावाचा एक कारकून होता. रानड्यांची अर्थशास्त्रावरील व्याख्याने त्याने ऐकली होती. देशाची संपत्ती कशी वाहून जाते हे त्याला सभेच्या व्यासपीठावरून कळले होते. आई अत्यवस्थ असताना रजा मिळाली नाही, हे दुःख त्याच्या मनात होते. दुष्काळात त्याने गावेच्या गावे ओस पडलेली पाहिली. अर्ज करून हे थांबणार नाही, अशी त्याची खात्री झाली आणि १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी व अन्य सवंगड्यांना घेऊन त्याने शस्त्र उचलले.

काकांच्या आयुष्यातील कसोटीचा क्षण येथे आला. १३ मे १८७९ च्या रात्री पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. हे फडक्यांच्या माणसांचे काम, आणि फडक्यांच्या मागे सार्वजनिक सभा, असा सरकारचा ग्रह झाला. रानड्यांची धुळ्याला बदली झाली. सभेच्या लोकांवर नजर राहू लागली. जुलै महिन्यात फडके पकडले गेले आणि त्यांना पुण्यास आणण्यात आले. राजद्रोहाचा खटला. वकीलपत्र घेणार कोण? शहरात वकिलांची उणीव नव्हती. हिंमत हवी होती.

काका पुढे झाले.

त्या निर्णयात त्यांनी काय पणाला लावले ते पाहावे. सभा ही त्यांची नऊ वर्षांची तपश्चर्या होती. सभेचा सारा जोर ती कायदेशीर आहे, सनदशीर आहे, यावर होता. सरकार तिच्यावर टपून बसलेले. अशा वेळी सभेच्या चिटणिसाने बंडखोराच्या बाजूने उभे राहणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे, असा हिशेब कोणीही केला असता आणि तो अगदीच भ्याडपणाचा ठरला नसता. शिवाय फडक्यांचा मार्ग हा काकांचा मार्ग नव्हता. एकाने मुखत्यारनामे गोळा केले, दुसऱ्याने तलवारी. ‘तुमचा मार्ग मला मान्य नाही’ एवढे म्हणून बाजूला राहणे काकांना सहज शक्य होते. पुढील काळात आपल्या राजकारणात हे वाक्य किती जणांनी किती वेळा वापरले, ते श्रोत्यांना ठाऊक आहे. काकांनी मतभेद आणि वकीलपत्र यांची गल्लत केली नाही. आपल्या माणसाला परक्या न्यायासनासमोर एकटे उभे राहू द्यायचे नाही, एवढेच त्यांनी पाहिले. पुढे आनंदाश्रमाची स्थापना करणारे महादेव चिमणाजी आपटे यांनीही फडक्यांच्या बचावाचे काम पाहिले. नोव्हेंबर १८७९ मध्ये फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

काका त्याआधीच गेले होते. खटल्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते. २५ जुलै १८८० रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय बावन्न.

माणूस गेला म्हणजे त्याची संस्था मोडते, हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव. सभा मोडली नाही. १८८५ मध्ये देशभरच्या प्रतिनिधींची पहिली राष्ट्रीय सभा भरवण्याचे ठरले, ते पुण्यातच. यजमान सार्वजनिक सभा. पेशव्यांच्या हिराबागेत पाहुण्यांची व्यवस्थाही झाली होती. ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ आली, म्हणून अधिवेशन मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले. तसे झाले नसते तर काँग्रेसच्या इतिहासाचे पहिले पान पुण्याच्या नावाने उघडले असते.

दहा वर्षांनी, १८९५ मध्ये, सभा टिळकांच्या पक्षाकडे आली. रानडे आणि गोखले यांनी बाहेर पडून ‘डेक्कन सभा’ काढली. त्या भांडणात कोणाचे किती चुकले, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. येथे एवढे सांगायचे की १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी काकांचेच हत्यार उपसले. सरकारचा दुष्काळी कायदा मराठीत छापून सभेचे प्रतिनिधी खेड्यापाड्यांत निघाले. पीक बुडाले असेल तर सारा तहकूब करून मागण्याचा हक्क तुम्हाला सरकारच्याच कायद्याने दिला आहे, हे ते शेतकऱ्याला समजावून सांगू लागले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत हे काम जोरात झाले. त्या काळी जोगेश्वरी ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यात मोडत असे, हे जाता जाता लक्षात ठेवण्यासारखे आहे. पन्नास सह्यांचा मुखत्यारनामा पुण्याच्या वाड्यांतून निघून आता कुळाच्या झोपडीपर्यंत आला होता. जोतीरावांनी ज्याला सभेत शोधले त्या शेतकऱ्याच्या दारी सभा पोहोचली, ती सत्तावीस वर्षांनी आणि दुष्काळाच्या रेट्याने.

सरकारच्या हे तत्काळ ध्यानात आले. कांगची सुधारणा चिरडायला राजमातेला एक बादशहा कोंडावा लागला. येथे कोंडायला बादशहा नव्हता. म्हणून १८९७ मध्ये मुंबई सरकारने वेगळाच उपाय योजला. लोकांच्या वतीने सरकारशी पत्रव्यवहार करणारी संस्था म्हणून सार्वजनिक सभेला दिलेली मान्यता त्याने काढून घेतली. यापुढे सभेचा कोणताही अर्ज स्वीकारला जाणार नव्हता.

कांग पुढे तीस वर्षे जगला. बादशहाच्या रक्षणासाठी त्याने परदेशस्थ चिन्यांची मोठी संघटना उभारली, पण बादशहा १९०८ मध्ये कैदेतच वारला. १९११ मध्ये क्रांती झाली. १९१७ च्या जुलैत एका सेनापतीने अल्पवयीन माजी बादशहाला पुन्हा गादीवर बसवले, तेव्हा वृद्ध कांग त्यात सामील झाला. ते राज्य बारा दिवस टिकले. दार्जिलिंगहून ज्या शिष्यांना त्याने हिंदुस्थानचा दाखला दिला होता, त्यांतील सर्वांत नामवंत लिआंग छिछाओ त्या वेळी विरुद्ध बाजूला होता.

आणि पुण्यात, १८९७ मध्ये सरकारने सभेचे अर्ज घेणे बंद केले, तेव्हा सभेच्या लोकांनी अर्ज लिहिणे थांबवून सरळ लोकांशी बोलायला आरंभ केला. काकांना जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती.